फ्रॉस्टच्या दोन वाटा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, लेकीला इंग्रजीत रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता आहे आणि तिनं गाइडमधला सारांश पाठ केलाय : कवीनं कमी मळलेली वाट धरली, म्हणून त्याच्या आयुष्याचं सोनं झालं. फोन ठेवला, पण ते मनातून जाईना. आपणही असेच सारांश घोकले होते. म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिला दुसरं आणि तिसरं कडवं सावकाश, मोठ्यानं वाचायला सांग. रानात दोन वाटा फुटतात आणि कवी त्यातली एक धरतो. म्हणतो, ही वाट गवताळ होती, फारशी वापरातली दिसत नव्हती. आणि लगेच पुढच्या ओळीपासून स्वतःचंच बोलणं दुरुस्त करतो : तसं पाहिलं तर जाण्यायेण्यानं दोन्ही जवळपास सारख्याच झिजल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पानं पडलेली, कुणाच्या पायाखाली येऊन काळी न पडलेली. मग ‘कमी मळलेली वाट’ आली कुठून? ती येते थेट शेवटच्या कडव्यात, आणि तिथं क्रियापद भविष्यकाळातलं आहे. पुढं कधीतरी, वर्षं लोटल्यावर, मी उसासा टाकून असं सांगत असेन, म्हणतो तो. म्हणजे वाट निवडताना जे नव्हतं, ते माणूस मागाहून सांगताना तिच्यात घालतो. मला तर सगळी कविता त्या एका काळात दिसते. आपल्याला काळ शिकवला व्याकरणाच्या तासाला आणि कविता दुसऱ्या तासाला. दोन्ही एकत्र वाचायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही.

आता यामागची हकीकत. १९१४ साली फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशर परगण्यात डिमॉक गावाजवळ राहत होता. एडवर्ड थॉमस हा लेखक त्याचा जिवलग. थॉमसला कवितेकडे वळवलं ते फ्रॉस्टनंच. दोघं रानावनातून खूप हिंडत. थॉमस हौसेनं एखाद्या वाटेनं न्यायचा आणि मग हळहळायचा, दुसरीनं गेलो असतो तर जास्त काही पाहायला मिळालं असतं! १९१५ मध्ये फ्रॉस्ट अमेरिकेला परतला आणि मित्राच्या या सवयीवर प्रेमानं चिमटा काढणारी ही कविता त्याला पाठवली. थॉमसला त्यात थट्टा दिसली नाही. ती त्याच्या मनाला लागली. फ्रॉस्टपाठोपाठ अमेरिकेला जावं की सैन्यात, या पेचात तो तेव्हा होता. जुलै १९१५ मध्ये तो भरती झाला, आणि ९ एप्रिल १९१७ ला, फ्रान्समध्ये अरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. वय ३९. कवितेनंच त्याला तिकडं ढकललं, असं मी म्हणणार नाही. माणसाचे निर्णय एवढे सरळ नसतात. पण हे कळल्यापासून त्या शेवटच्या ओळी मला पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत.

मार्कांची तुझी काळजी मला कळते. पण तिनं ‘दोन्ही वाटा सारख्याच होत्या’ असं लिहून खाली कवितेतल्याच ओळी दिल्या, तर तिच्या उत्तराला आधार आहे. गाइडमधल्या वाक्याला तो नाही.

तो उसासा समाधानाचा की हळहळीचा, माझं अजून ठरत नाही. तिला काय वाटतं ते विचार, आणि तिच्याच शब्दांत मला कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच