अश्रू मुलासाठी, वाद बापाविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात धरमपेठेतील एका सभागृहात रसिकांच्या एका छोट्या मंडळाने नुकताच फ्रँको झेफिरेली यांचा १९७९ सालचा ‘द चॅम्प’ हा चित्रपट दाखवला. त्यानंतर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात त्याविषयी जी उलटसुलट पत्रे येत आहेत, ती मी काळजीपूर्वक वाचत आले आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, हा चित्रपट पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही त्याचे काळीज दगडाचेच असले पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हा निव्वळ रडवण्याचा खटाटोप असून १९३१ सालच्या मूळ चित्रपटाची त्यात पार माती झाली आहे. दोन्ही बाजूंची पत्रे तळमळीने लिहिलेली आहेत. परंतु प्रेक्षक खरोखर रडला तर चित्रपट साधला, आणि रडू जबरदस्तीने काढल्यासारखे वाटले तर तो फसला, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. बिली फ्लिन हा एके काळचा मुष्टियुद्धातला विजेता आता फ्लॉरिडात शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यावर काम करतो, दारू पितो, जुगार खेळतो आणि टी. जे. नावाच्या आपल्या लहानग्या मुलाला एकट्याने वाढवतो. आई वारली, असे मुलाला सांगितलेले असते; प्रत्यक्षात तिने दुसरा संसार थाटलेला असतो. मुलाची लाडकी घोडी जुगाराच्या देण्यापायी हातची जाते, बाप तुरुंगात जाऊन येतो, आणि शेवटी मुलाच्या भवितव्यासाठी, वय उलटून गेलेले असताना, पुन्हा रिंगणात उतरतो. तो लढत जिंकतो आणि लगेच आतल्या खोलीत मुलाच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. किंग व्हिडोर यांच्या १९३१ च्या चित्रपटातही सांगाडा हाच आहे. त्यात बापाची भूमिका करणाऱ्या वॉलेस बीरी यांना अभिनयाचे ऑस्कर फ्रेड्रिक मार्च यांच्यासह विभागून मिळाले आणि कथेचे ऑस्कर लेखिका फ्रान्सेस मॅरियन यांना मिळाले.

आता अश्रूंविषयी. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत माणसाच्या मनात ठरावीक भावना उत्पन्न करण्यासाठी चित्रपटांतील कोणते तुकडे उपयोगी पडतील याचा शोध घेतला आणि तो १९९५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ७८ तुकडे ४९४ जणांना दाखवले. दुःखाची भावना जागी करण्यासाठी त्यांच्या यादीत जे तुकडे टिकले त्यांत झेफिरेलींच्या या चित्रपटातला, बापाच्या मृतदेहापाशी मुलगा आक्रोश करतो तो प्रसंग आहे, आणि पुढेही अनेक संशोधकांनी दुःखाच्या प्रयोगांसाठी तोच वापरला. हा तुकडा तीन मिनिटांचाही नाही. ज्यांनी उरलेला चित्रपट पाहिलेला नाही, बिली कोण, त्याने काय केले, घोडी कशी गेली, यातले ज्यांना काहीही ठाऊक नाही, त्यांनाही तेवढ्यावर दुःख होते. याचा अर्थ सरळ आहे. ते पाणी दोन तासांच्या कथेने आणलेले नाही. ‘चॅम्प, ऊठ’ म्हणून बापाला हलवणाऱ्या एका लेकराच्या आवाजाने आणलेले आहे. रिकी श्रोडर हा अवघ्या आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिथे ज्या तऱ्हेने एकाकडून दुसऱ्याकडे वळतो, मोठ्या माणसांनी काहीतरी करावे म्हणून ज्या डोळ्यांनी पाहतो, ते पाहून मलाही हुंदका आवरला नाही. त्या अश्रूंची मला लाज वाटत नाही आणि इतर कोणालाही वाटू नये. मात्र त्या अश्रूंवरून चित्रपट थोर आहे की टाकाऊ, यातले काहीच सिद्ध होत नाही.

खरा मतभेद बापाविषयी आहे, आणि तो त्या संध्याकाळी सभागृहात स्पष्ट ऐकू आला. खेळ संपल्यावर शहराच्या महाल भागातून आलेले एक वयस्क गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘मले त पोरगाच बाप वाटला जी, अन् बाप पोरगा.’ माझ्या मते या चित्रपटाविषयी त्या दिवशी यापेक्षा नेमके कोणीही बोलले नाही. नशेतल्या बापाला सांभाळायचे, त्याच्या चुका लोकांपासून लपवायच्या, उद्या तो पुन्हा पहिल्यासारखा होईल असा विश्वास त्याच्याऐवजी आपणच बाळगायचा, हे सारे हे लेकरू करते, आणि चित्रपट त्याला प्रेम म्हणतो. ते प्रेम आहेच. पण ते लेकराच्या खांद्यावर टाकलेले ओझेही आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठली, आणि त्यावर आपल्याकडे किती कडाक्याचे वाद झाले ते आपल्या वाचकांना आठवत असेल. ज्या भागात बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, तिथल्या प्रेक्षकाला बिली फ्लिन परका वाटणार नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण मुलीचे डोळे कोरडे होते. ती बाहेर पडताना एवढेच म्हणाली की, असला बाप तिने घरात पाहिला आहे आणि तो शेवटी जिंकला नाही. तिला दगडाच्या काळजाची म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी याचा विचार करावा.

आणि आई? फे डनवे यांनी रंगवलेली अ‍ॅनी ही फॅशनच्या झगमगत्या जगात वावरणारी, उंची कपड्यांतली बाई आहे. तिने मूल सोडले, एवढ्या एका गोष्टीवर सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तिला दोषी ठरवले. नवऱ्याने मुलाची घोडी जुगारात घालवली, मुलाला आईच्या मरणाची खोटी गोष्ट सांगितली, याची मात्र कोणी फारशी नोंद घेतली नाही. हा पक्षपात काही अंशी चित्रपटाचा आहे, कारण तो तिच्याकडे दुरून पाहतो आणि बापाकडे अगदी जवळून. पण काही अंशी तो आपलाही आहे. आपल्याकडे चुकलेल्या बापाला पश्चात्तापाचा एक प्रसंग पुरतो, आईला आयुष्यभराचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब या चर्चेत कोणीतरी मांडायला हवा होता, म्हणून मी मांडत आहे.

मूळ चित्रपटाचा पक्ष घेणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु माझे कारण वेगळे आहे. तुरुंगाचा प्रसंग घ्या. मुलाने आपला नाद सोडून आईकडे जावे म्हणून बाप त्याला झिडकारतो आणि त्याच्यावर हात उगारतो. मुलगा निघून गेल्यावर वॉलेस बीरी ज्या हाताने त्याला मारले तोच हात कोठडीच्या भिंतीवर आपटत राहतात. तिथे त्यांच्या मदतीला सूर नाहीत, संवाद नाहीत; एक जाडजूड, बेढब माणूस भिंतीला मारतो आहे आणि आपण ते नुसते पाहतो. या बापावर माया करावी की त्याचा राग करावा, हे व्हिडोर सांगत नाहीत. १९७९ च्या चित्रपटात डेव्ह ग्रूसिन यांचे संगीत आहे, आणि ते सुरेख आहे. ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले होते. पण ते प्रत्येक वळणावर आपल्या आधी पोहोचते आणि बापाला माफ करून मोकळे होते. माझी तक्रार एवढीच आहे. जॉन व्हॉइट यांच्या अभिनयात राग येण्याजोगा, हट्टी, स्वतःवरच भाळलेला माणूस पुरेपूर आहे. त्याला तसाच राहू दिला असता तर त्या कोरड्या डोळ्यांच्या मुलीलाही चित्रपटात जागा मिळाली असती.

पुनर्निर्मिती हाच मुळात दोष आहे, असे जे एका पत्रात म्हटले आहे ते मात्र टिकणारे नाही. आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा मानला जाणारा भवभूती ‘उत्तररामचरित’ लिहितो तेव्हा तोही वाल्मीकींची कथाच पुन्हा सांगतो, आणि भूमीच्या पोटात जाणाऱ्या सीतेला राम व लव-कुश यांच्याशी भेटवून शेवट बदलतो. बापलेकांची ती भेट वाचताना मूळ कथा वेगळी आहे हे ठाऊक असूनही गळा दाटून येतोच.

त्याच पत्रात ‘शहरी, सुशिक्षित प्रेक्षकाने असे हुंदके देणे शोभत नाही’ असेही वाक्य आहे. या लेखकांनी दिवाळीनंतर पूर्व विदर्भात वडसा किंवा सिंदेवाहीकडे जाऊन झाडीपट्टी या तिथल्या लोकरंगभूमीचे एखादे नाटक रात्रभर बसून पाहावे, अशी माझी त्यांना मनःपूर्वक विनंती आहे. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या गर्दीत, कडाक्याच्या थंडीत, शाल गुंडाळून बसलेल्या बाया पदराने डोळे टिपतात आणि त्याच वेळी शेजारणीला सांगतात की हा नवरा नालायक आहे, हिने याला केव्हाच सोडायला हवे होते. रडणे आणि न्याय करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात, हे त्या प्रेक्षकांकडून शिकण्यासारखे आहे. गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण नागपूरकरांनीही अभिमान बाळगला. त्या रंगभूमीचा प्रेक्षकही तितकाच मानाचा आहे.

आयोजक मंडळाला आपल्या सदरातून एक सूचना करू इच्छिते. पुढच्या खेपेस १९३१ चा चित्रपट दाखवावा. तो दीड तासापेक्षाही थोडा कमी वेळात संपतो, त्यामुळे नंतर बोलायला पुरेसा अवकाश मिळेल. त्या वेळी ध्वनिक्षेपक आधी मागच्या रांगांतल्या तरुण मुलामुलींकडे द्यावा, कारण मागच्या वेळी तो शेवटपर्यंत आम्हा ज्येष्ठांच्याच हाती राहिला.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लक्ष्मीनगर, नागपूर