पिकअपची खराब अर्थ (अर्थिंगची) पट्टी शोधून देणाऱ्या वायरिंगवाल्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा जुना पिकअप चौघांनी ढकलत अक्कलकोट रस्त्यावरील आपल्या दुकानापाशी आणला, तेव्हा त्याला नवी बॅटरी आणि दुरुस्त केलेला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) आधीच बसवून झाला होता. तरीही पहाटे कांदा घेऊन मार्केट यार्डाकडे निघताना सेल्फ अडखळत असे आणि रात्री हेडलाइट पिवळे पडत.

आपण पान्याला हात न लावता आधी मीटर काढलेत. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मोजल्यावर बॅटरीवर 12.8 व्होल्ट दिसले, पण अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टावर, त्याच्याच बॉडीच्या तुलनेत, 14.1 भरले. "डायनामो कमावतोय, पण पैसा घरी पोचत नाही," हे आपले वाक्य मी आता चारचौघांत सांगतो. मग अल्टरनेटरचा तो बोल्ट आणि बॅटरीचे धन टोक यांच्यात 0.2 व्होल्टचाच फरक निघाला, जो चालण्याजोगा होता. मात्र अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात तो 1.1 भरला, म्हणजे घोटाळा करंटच्या परतीच्या वाटेवर होता.

सेल्फ मारल्यावर क्लचची केबल गरम लागते, हे मी बोलता बोलता सांगितले आणि आपण थेट गाडीखाली शिरलात. इंजिनापासून चासीपर्यंत (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) जाणारी, करंट परत नेणारी अर्थ पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्टाखाली ती गंजून मोजक्याच तारांवर टिकली होती, त्यामुळे सेल्फचा मोठा करंट मिळेल त्या वाटेने, अगदी केबलमधूनही, परतत होता. अशी खूण मी इतके महिने क्षुल्लक समजत होतो!

आधीच्या गॅरेजमध्ये चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासला गेला होता. तसे केल्यास व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरमधले डायोड जळू शकतात, हे आपण ज्या कळकळीने समजावलेत, त्याबद्दल वेगळे आभार.

नवी पट्टी, घासून साफ केलेली चासी आणि थोडी मजुरी, एवढेच पैसे आपण घेतलेत. काल रात्री हेडलाइट लावून मी स्वतः मोजले : बॅटरीवर 13.9.

आपला कृतज्ञ,
कांदेवाला पिकअपचालक, सोलापूर