बाइंडरकाका, पुस्तक जुनंच ठेवलंत म्हणून आभार

आदरणीय बाइंडरकाका,
स. न. वि. वि.

अमेरिकी विज्ञानकथाकार फिलिप के. डिक यांच्या ‘टाइम आउट ऑफ जॉइंट’ या कादंबरीची साठच्या दशकातली पेपरबॅक प्रत तुम्ही दुरुस्त करून दिलीत. आम्हा सांगलीच्या वाचकांकडून मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरात अशी जुनी पुस्तकं असणाऱ्यांनी तुमची पद्धत समजून घ्यावी असं वाटतं.

1959 साली आलेल्या या कादंबरीतला रॅगल गम रोज पेपरातलं कोडं सोडवतो : छोटा हिरवा माणूस आता कुठे दिसेल? एके दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत शीतपेयाची टपरी विरून जाते आणि जागेवर तिचं नाव छापलेली चिठ्ठी उरते. त्याच्या बहिणीचा नवरा अंधारात बाथरूमच्या दिव्याची दोरी चाचपडतो. तिथे असतं बटण, दोरी कधी नव्हतीच. मग पडक्या जागेत जुनी मासिकं सापडतात. त्यांत मेरिलिन मन्रोचे फोटो, आणि घरात तिला कुणी ओळखत नाही! कारण 1959 सालचं वाटणारं ते सगळं गावच त्याच्यासाठी उभं केलेलं बनावट असतं, खरं साल असतं 1998. चंद्रावरच्या वसाहतीशी युद्ध पेटलेलं असतं आणि पुढचं क्षेपणास्त्र कुठे पडणार हे सैन्य त्याच्या उत्तरांवरून ओळखत असतं. त्या बनावट गावात खरं बोलतो तो जुना कागदच. म्हणून प्रत नवीकोरी दिसू नये, एवढंच आमचं मागणं होतं. तुम्ही ते लगेच ओळखलंत.

असल्या पेपरबॅकला शिलाई नसते, सुटी पानं पाठीला नुसती चिकटवलेली असतात. डिंक सुकून तडकला की पुस्तक उघडताच मधली पानं हातात येतात. बहुतेक ठिकाणी कडेला भोकं पाडून दोरा ओवतात. त्याने आतला समास खाल्ला जातो, पुस्तक पुरतं उघडत नाही आणि वाळका कागद त्या टाक्यांवरच मोडतो. तुम्ही पाठीवरचे डिंकाचे पोपडे बोथट सुरीने काढलेत, गठ्ठा दाबात धरून पाठ एका अंगाला कलती केलीत, म्हणजे प्रत्येक पानाची मिलिमीटरभर कड उघडी पडली. तिथे वाळल्यावरही लवचिक राहणाऱ्या पांढऱ्या गोंदाचा पातळ हात, मग दुसऱ्या अंगाला कलवून पुन्हा तसाच. वरून मलमलीची पट्टी. सुतारकामाचा गोंद वापरला असता तर पाठ फळीसारखी कडक झाली असती. चारी कडा कापून सारख्या करणंही तुम्ही टाळलंत.

फाटलेल्या पानांसाठीची तुमची खळ तर आम्ही आता सगळ्यांना सांगतो. कुरडयांसाठी काढतात तोच गव्हाचा चीक, पण बिनमिठाचा. वरचं आंबूस पाणी तीन-चारदा बदलून, वाळवून घेतलेला. एक वाटी चिकाला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवायचं, गार झालं की बारीक फडक्यातून गाळायचं. मोरचूद अजिबात नाही. त्याने कसर लागत नाही हे खरं, पण त्यातलं तांबं कागद लवकर ठिसूळ करतं. आपल्याकडे पावसाळ्यात ही खळ लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच ताजी करायची. फाटलेल्या कडा जुळवून वर पातळ जपानी कागदाची पट्टी, दोन्हीकडून टीपकागद आणि वजन. खळ पाणचट झाली तर पान सुरकुततं आणि ओल जिथवर पसरते तिथे तपकिरी रेघ उमटते.

चिकटपट्टीबद्दल विशेष आभार. वरचं प्लास्टिक तुम्ही गरम पात्याने इंच-इंच उचललंत, पण कागदात मुरलेला पिवळा डाग तसाच ठेवलात. तो पाण्याने जात नाही आणि घासला तर अक्षरंच निघतात. मुखपृष्ठाचा तुटलेला कोपराही तुम्ही रंगवला नाहीत, मागून साध्या कागदाचा आधार दिलात. लॅमिनेशनचं तर नावही काढलं नाहीत.

आता पुस्तक उन्हापासून दूर, पुठ्ठ्याच्या पेटीत आडवं ठेवलंय आणि वाचायला देताना पूर्ण उलटं मोडू नका असं बजावतो. तशाच सुट्या पानांच्या आणखी दोन पेपरबॅक आहेत. दिवाळीअंकांची गर्दी ओसरली की घेऊन येतो.

आपले,
सांगलीचे वाचक