रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नकोस

लीड्स,
रविवार

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सगळं ठीक. थंडी आहे, पण तू दिलेली गोधडी हीटरला भारी. जेवते वेळेवर, ते परत विचारू नकोस. दादाने पाठवलेले सोनोग्राफीचे फोटो नीट पाहिले. घाबरण्यासारखं आज काही नाही. पण दादाचं लग्न होईपर्यंत थांबण्यासारखंही नाही.

पाळी जाऊन पाच वर्षं झाल्यावर अंगावर लाल गेलं, मग ते एकदाच आणि थेंबभर का असेना, तपासायचंच. अशा दहा बायकांतल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो. गर्भपिशवीचं आतलं अस्तर सुकून सोलवटलेलं असतं, नाहीतर एखादा पॉलिप, म्हणजे अस्तराचा लोंबता कोंब, निघतो. दहावी कोण ते मात्र बाहेरून कळत नाही. तुझ्या कागदावर अस्तराची जाडी 9 मिलिमीटर आहे. 4 पर्यंत असती तर कॅन्सरची शक्यता फारच कमी म्हटली असती. 9 म्हणजे कॅन्सर नव्हे, 9 म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासायचा. "पिशवीच काढून टाकू, कटकट नको," हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं नाही. तुकडा न तपासता पिशवी काढली आणि मागाहून आत कॅन्सर निघाला, तर एमआरआय झालेला नसतो, अंडाशय कदाचित आतच राहिलेले असतात, लिम्फच्या गाठी कुणी पाहिलेल्या नसतात. मग पुन्हा पोट उघडा.

तुकड्यासाठी भूल लागतेच असं नाही. पिपेल म्हणून प्लास्टिकची नळी असते, 3 मिलिमीटर जाडीची. ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात, आतला दट्ट्या मागे ओढतात, की अस्तर नळीत येतं. पाळीत येते तशी कळ मिनिटभर येईल, तासभर आधी पॅरासिटामोल घेऊन जा. चुकतं ते दोन ठिकाणी. नळी आंधळेपणाने फिरते, त्यामुळे पॉलिप निसटू शकतो. रिपोर्टवर "नमुना अपुरा" आलं किंवा रक्त पुन्हा दिसलं तर दुर्बिणीने आत बघून तुकडा घ्यायला सांग. दुसरं, तुकडा फॉर्मेलिनमध्ये जायला हवा. सलाइनमध्ये पडून राहिला तर पेशी खराब होतात आणि पॅथॉलॉजिस्टला काही वाचता येत नाही. दादाला तिथे उभं राहून बाटली बघू दे. मेणातले ब्लॉक आणि काचा परत मागून घ्यायच्या, पुढे परळला टाटाला दाखवायची वेळ आली तर तेच लागतं.

रिपोर्टमध्ये एक शब्द शोधायचा, "एटिपिया", म्हणजे पेशींचं रूप बिघडलेलं. हायपरप्लेझिया, म्हणजे अस्तर नुसतं जास्त वाढलेलं, आहे पण एटिपिया नाही असं असेल, तर 20 वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात 5 पेक्षा कमी. त्यावर हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवतात, नाहीतर गोळ्या देतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा. तेव्हा पिशवी काढायची घाई नको. एटिपिया असेल तर मात्र पिशवी, नळ्या आणि तुझ्या वयात अंडाशयही काढायचे, चालढकल नाही. कॅन्सरच आला तर आधी एमआरआय, आणि ऑपरेशन बायकांच्या कॅन्सरचंच काम करणाऱ्या सर्जनकडे. शेजारच्या काकू म्हणतात तसं दुर्बिणीचं ऑपरेशन नेहमीच चांगलं असतं असंही नाही. पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरला ते चालतं. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला 2018 च्या मोठ्या चाचणीत पोट उघडून केलेलंच सरस ठरलं.

इथल्या दवाखान्यातली एक तऱ्हा तुला चमत्कारिक वाटेल. बाईला इंग्रजी येत नसेल तर मुलगा किंवा नवरा शेजारी असूनही दुभाष्या म्हणून त्याला बोलू देत नाहीत. फोन टेबलावर ठेवतात, स्पीकर लावतात, आणि पलीकडून कुणीतरी अनोळखी बाई पंजाबी नाहीतर गुजराती बोलते. नवरा तोंड पाडून खुर्चीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा उद्धटपणाच वाटतो. पण घरचा माणूस "कॅन्सर"चं भाषांतर "थोडी सूज" करतो, आणि "ऑपरेशन न करण्याचाही पर्याय आहे" हे वाक्य तर सरळ गाळतो. मग ज्या बाईचं पोट, तिलाच शेवटी काही माहीत नसतं. म्हणून चार प्रश्न तू स्वतः विचार: फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय कोणता, आणि आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल. धोका म्हणजे आकड्यात. पोटावरून पिशवी काढताना दर 1000 बायकांत साधारण 7 जणींच्या मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा होते.

"तिकडे बसून डॉक्टरांवर संशय घेतेस," असं दादा म्हणाला. संशय नाही घेत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या त्यावर 2019 मध्ये सरकारलाच समिती नेमावी लागली, हे त्यानेही वाचलंय. आणि तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईची पिशवी तिच्या आईच्या होकारावर काढली गेली होती, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं की आईचा होकार चालणार नाही. म्हणजे लेकीचाही नाही. मी एवढी पानं भरून लिहिलं तरी ठरवायचं तूच.

पैशांचं बाबांना सांग, साठ हजार टाकलेत. त्यातले तपासण्यांचे बाजूला काढा, उरलेले हॉलवाल्याला द्या. कॅन्सर निघाला तर महात्मा फुले योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आत्ताच बघून ठेवा. वहिनीचा शालू तू घे, मला फोटो नको पाठवूस, पसंत पडणारच. "लग्नघरात दवाखाना नको" म्हणतेस, पण तुकड्याला अर्धा दिवस पुरतो, याच आठवड्यात जा. रजा मला एकदाच मिळणार आहे, तीन आठवडे. लग्नाला धरायची की तुझ्या ऑपरेशनला, ते रिपोर्ट आल्यावर बघू. तिकीट अजून काढलेलं नाही. दादाला एवढ्यात सांगू नकोस.

तुझी,
मनू