न विचारता मागच्या चाकांना बसवलेल्या ‘वरच्या दर्जाच्या’ टायरबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
टायर विक्री व जोडणी

विषय : स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांना बसवलेले ट्रॅकचे टायर काढून, मागितलेले रस्त्याचे टायर मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या दोन आसनी स्पोर्ट्स कारसाठी मी आपल्याकडे चार टायर मागवले होते. चारही एकाच मॉडेलचे, पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २६५/४० आर १९ (पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी). ही गाडी मी रस्त्यावर चालवतो, पावसाळ्यातही चालवतो, ट्रॅकवर कधी नेत नाही, हे मी मागणीपत्रात लिहिले होते आणि फोनवरही सांगितले होते. पुढच्या चाकांना आपण मागितलेले टायर बसवलेत. मागच्या मापाचा साठा संपला होता म्हणून तिथे त्याच उत्पादकाचे दुसरे मॉडेल बसवलेत. हे मॉडेल मुळात सर्किटसाठी घडवलेले आहे, आणि रस्त्यावर वापरण्याइतपत नियमांत बसते एवढेच. बदल करण्यापूर्वी मला कोणी विचारले नाही. पावतीवर मात्र ‘वरच्या दर्जाचे टायर, जादा शुल्क नाही’ अशी नोंद आहे.

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्याकडून आलेले उत्तर असे होते : माप जुळते, भार आणि वेगाचे निर्देशांक कमी पडत नाहीत, टायरमध्ये दोष नाही, शिवाय महाग टायर स्वस्त टायरच्या किमतीत मिळाला आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

या उत्तरातला एकही मुद्दा खोटा नाही, आणि तरीही संपूर्ण उत्तर चुकीचे आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

टायरला दोष मी देतच नाही. कोरड्या सर्किटवर, दोन-तीन फेऱ्यांत रबर तापल्यावर, हा टायर मी मागितलेल्या टायरपेक्षा नक्कीच जास्त पकड देईल. त्यासाठीच तो बनवला आहे. पण त्याला ‘वरचा’ ठरवताना आपण कोरड्या फेरीची वेळ हे एकच माप लावलेत. रस्त्यावरच्या गाडीला ते माप सर्वांत कमी उपयोगाचे आहे. रस्त्यावर टायर बहुधा थंडच असतो. रस्ता ओला असतो, कडेला पाणी साचलेले असते, वळणाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. तिथे चांगला टायर तो, जो पहिल्या किलोमीटरपासून काम करतो आणि पाणी बाजूला सारतो.

मी स्वतः खोली मोजली. पुढच्या टायरच्या खाचा साडेसात मिलिमीटरच्या आसपास आहेत, मागच्यांच्या जेमतेम पाच. दोन्ही जोड्या नव्या असताना ही स्थिती आहे. त्यातही मागच्या टायरवर खाचा मुळातच कमी, आणि बाहेरच्या खांद्याकडचा पट्टा जवळजवळ सलग रबराचा. कोरड्यात याचा फायदा होतो, कारण रस्त्याला टेकणारे रबर वाढते आणि नक्षीचे ठोकळे वाकत नाहीत. ओल्यात पाण्याला जायला वाट उरत नाही.

आता हिशेब पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग दहा-बारा सेंटीमीटर लांब धरला, तर त्याखालचे पाणी हटवायला सेकंदाचा दोनशेवा हिस्सा मिळतो. तेवढ्या वेळात मधल्या भागातले पाणी खाचांत शिरले पाहिजे किंवा कडेने बाहेर पडले पाहिजे. टायर जितका रुंद, तितकी कड मधल्या भागापासून दूर. त्यात चाकासमोर साचणाऱ्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. एका मर्यादेनंतर पाणी चाकाला उचलून धरते आणि रबराचा रस्त्याशी संबंध सुटतो. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात, हे आपल्याला मी सांगायला नको. पण मग चारपैकी ज्या दोन चाकांचे टायर अधिक रुंद, त्यांनाच कमी खोलीच्या आणि कमी खाचांच्या टायरची जोडी आपण कशी बसवलीत?

परिणाम मी अनुभवला आहे. पाऊस मध्यम होता, वेग मर्यादेच्या आत होता, लांब डाव्या वळणावर पाण्याचा एक उथळ पट्टा होता. पुढची चाके त्यातून सरळ निघून गेली. मागची दोन्ही तरंगली आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली. स्थिरता प्रणालीने ब्रेक लावून गाडी सावरली, पण तोवर ती शेजारच्या मार्गिकेत अर्धी शिरली होती. त्या मार्गिकेत त्या क्षणी वाहन नव्हते. असते तर मी हे पत्र आपल्याला नव्हे, दुसऱ्याच कोणाला लिहीत असतो.

स्थिरता प्रणाली आहे म्हणून चालेल, असे कृपया उत्तरात लिहू नका. ती प्रणाली पकड निर्माण करत नाही. जी पकड शिल्लक आहे ती कोणत्या चाकाला किती वापरता येईल एवढेच ती ठरवते. चाक पाण्यावर असेल तर वाटायला काहीच नसते.

पुढची चाके आधी सरकली तर गाडी वळणात रुंद जाते. चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येते, पुढच्या चाकांना पकड परत मिळते. सहजप्रवृत्तीने केलेली कृतीच उपयोगी पडते. मागची आधी सरकली तर तीच कृती घातक ठरते, कारण वजन पुढे गेल्याने मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी गिरकी घेते. म्हणूनच दोनच टायर बदलायचे असतील तर जास्त खोलीची जोडी मागे बसवावी, इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते हे न पाहता, असा सल्ला टायर उत्पादक देतात. आपल्या जोडणी केंद्रात भिंतीवर हीच सूचना चित्रासह लावलेली आहे. त्या चित्राच्या समोर उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर आपल्या लोकांनी नेमके उलटे केले. माझ्या गाडीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आहे, वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर आहे. एकदा मागचा भाग सुटला की तो आवरणे अशा गाडीत अधिकच अवघड असते.

आकडेही आपल्याच कागदांवर होते. युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी पुढच्या टायरची ए (सर्वोत्तम) आहे, मागच्याची सी. ती श्रेणी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून ठरते, साचलेल्या पाण्यावर तरंगण्याची चाचणी तीत नसते. म्हणजे खरा फरक लेबलवर दिसतो त्याहून मोठा असू शकतो. टायरच्या भिंतीवरचा अमेरिकी ट्रेडवेअर आकडा (जितका कमी, तितका टायर लवकर झिजतो) पुढे ३०० आहे, मागे १८०. हा आकडा उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या टायरची त्यावरून तुलना करू नये हे मान्य. पण इथे उत्पादक एकच आहे. मऊ रबराचे टायर मी मागितलेल्या टायरच्या कितीतरी आधी झिजणार, आणि पाचच मिलिमीटरपासून सुरुवात असल्याने ओल्यातली त्यांची उरलीसुरली क्षमता फार लवकर संपणार. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पावसात त्याच्या बऱ्याच आधी टायर निकामी होतो. तेव्हा ‘महाग टायर त्याच किमतीत’ हा हिशेबही माझ्या तोट्याचाच आहे.

थंडीचा मुद्दाही आहे. साधा उन्हाळी टायरदेखील सुमारे ७ अंश सेल्सियसखाली कडक होऊ लागतो. ट्रॅकच्या रबराला काम करायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, आणि रस्त्याच्या सभ्य वेगाला ती मिळत नाही. कोरड्या पण थंड सकाळी पुढची चाके पकडतात आणि मागची अजून झोपलेली असतात. दोन जोड्यांचा स्वभाव निरनिराळा असेल तर गाडी पुढच्या क्षणी काय करेल याचा अंदाजच बांधता येत नाही. पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांसारखे कारउत्पादक आपापल्या गाड्यांसाठी जुळवलेल्या टायरवर खास खूण उमटवून घेतात, त्यामागचे एक कारण हेच. पुढच्या आणि मागच्या टायरचे आपसात जमले पाहिजे.

निर्देशांकांबद्दल थोडे. मी मागितलेला मागचा टायर ९८ वाय होता, म्हणजे ७५० किलो आणि ताशी ३०० किलोमीटर. बसवलेला टायर १०२ वाय, जादा भाराचा, म्हणजे ८५० किलो. भाराने तो जास्तच आहे, कमी नाही. पण निर्देशांक फक्त टायर किती वजन आणि वेग सोसेल ते सांगतो. पाऊस, थंडी, पकड यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. शिवाय ८५० किलोची ती क्षमता २.९ बार दाबाची असते, हे पाहून आपल्या कारागिराने मागे तेवढी हवा भरली. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब त्याहून बराच कमी आहे आणि गाडीला तोच लागतो. टायर थंड असताना मी तो उतरवून घेतला.

माझी मागणी अशी आहे. मागचे दोन्ही टायर काढून मूळ मागणीतले मॉडेल बसवावे. त्याची जोडणी, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटची तपासणी यांचा आकार घेऊ नये, आणि काढलेल्या टायरच्या झिजेपोटी काही कापू नये. नव्या दोन टायरवरचे निर्मितीचे आठवडे एकमेकांच्या जवळचे असावेत. ते माप मिळत नसेल तर मागच्या जोडीची पूर्ण रक्कम परत करावी, मी ते दुसरीकडून घेईन. पण तिसरे कोणतेही ‘तोडीस तोड’ मॉडेल माझ्या लेखी संमतीशिवाय गाडीला लावू नये.

माझ्या गाडीपुरते हे झाले तरी तक्रार संपत नाही. साठा नसेल तेव्हा जुळणाऱ्या मापाचा महागडा टायर बसवायचा, ही आपल्या केंद्राची पद्धतच आहे, असे आपल्या कर्मचाऱ्याने मला सांगितले. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने शिकवलेले तेच केले. पण याच पद्धतीने ज्यांच्या मागच्या चाकांना असे टायर बसले आहेत त्यांच्या नोंदी आपल्याकडे आहेत. त्या सर्वांना पुढच्या पावसाआधी फोन करून कळवावे. त्यांच्यातल्या अनेकांनी पावतीवरचे ‘वरच्या दर्जाचे’ हे शब्द वाचून समाधान मानले असेल, आणि ओल्या वळणावर ते पूर्वीइतक्याच विश्वासाने जात असतील. ही पद्धत बंद केल्याचे आणि त्या ग्राहकांना कळवल्याचे मला लेखी हवे आहे.

टायर बदलून मिळेपर्यंत मी गाडी ओल्या रस्त्यावर काढणार नाही. मागणीपत्र, पावती, चारही टायरच्या भिंतींची व खोलीमापकाची छायाचित्रे आणि आपल्या पहिल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर टायरच्या तांत्रिक बाबी जाणणाऱ्या व्यक्तीकडून आणि लेखी यावे.

आपला,
मागणीपत्रात नमूद ग्राहक