दिन्याच्या हजार धावा

सेंट लुईस,
९ फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

दिन्या गेल्यावर तुला चार ओळींचा निरोप पाठवला आणि त्यानंतर दोन वर्षे मी काहीच लिहिले नाही. आता लिहितो आहे तेही तुझी खुशाली विचारण्यासाठी नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझी प्रकृती ठीक आहे, साखर ताब्यात आहे, गुडघा थंडीत कुरकुरतो. ते असो. आपल्या क्रिकेटच्या धावांच्या वहीत एक चूक सापडली आहे, ती माझ्या हातून झालेली आहे, आणि हे ज्याला सांगावे असा तुझ्याखेरीज आता कोणी उरलेला नाही.

डिसेंबरमध्ये सांगलीचे घर रिकामे करायला आलो तेव्हा तू नाशिकला लेकीकडे होतास. माळ्यावरच्या ट्रंकेत ती लाल पुठ्ठ्याची वही मिळाली आणि मी ती तुला न विचारता इकडे घेऊन आलो. गेल्या आठवड्यात बर्फामुळे तीन दिवस घराबाहेर पडता आले नाही, तेव्हा सगळे सामने एकेक करून संगणकावर उतरवले. मिरजेविरुद्धचा सामना, ज्यात अण्णांची म्हैस खेळपट्टीवर येऊन बसली होती, तो अकराव्या पानावर तुझ्या अक्षरात आहे आणि तोच सामना सव्विसाव्या पानावर माझ्या अक्षरात पुन्हा आहे. तुला कावीळ झाली होती त्या दिवसांत तुझ्याकडचे सुटे कागद मी वहीत चढवले होते. त्यांतल्या या कागदावर तारीख नव्हती आणि हा सामना आधीच चढवलेला आहे हे मला कळले नाही. त्यात दिन्याच्या १७ धावा आहेत. म्हणजे त्याची बेरीज १००३ नसून ९८६ होते.

त्या संक्रांतीला अप्पांनी त्याला शाल आणि नारळ दिला, सगळ्या गल्लीने तिळगूळ खाल्ला आणि तेव्हापासून तो ‘हजारी’ झाला. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही, कारण पुढच्याच महिन्यात मैदानाला तारेचे कुंपण पडले आणि मीही शिकायला बाहेर पडलो. खरी बेरीज धरली तर आपला हजारी चौदा धावांनी अडला, आणि तारीखही चौदाच होती. यावर तू काय म्हणशील ते मी इथून ऐकू शकतो: खोलीत तेवीस माणसे जमली तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, मग हजारो आकड्यांत चार जुळले तर नवल कसले! इंग्लंडच्या अॅलेक स्टुअर्टचा जन्म ८-४-६३ चा आणि त्याच्या कसोटीतल्या धावा ८४६३, हे तुला मी केवढ्या आनंदाने कळवले होते आणि तू उत्तरात तेवढे तेवीस माणसांचे गणित पाठवलेस. तेव्हा मला फार राग आला होता. गणित बरोबर होते म्हणूनच आला होता.

पण या वेळी मला भेडसावणारी गोष्ट निराळी आहे. तुला इथल्या बेसबॉलमधल्या टाय कॉब या जुन्या खेळाडूच्या हिट्सबद्दल मी मागे लिहिले होते आणि तू ‘धाव निघाली नाही तर मोजायचे कशाला’ म्हणून भांडला होतास. चेंडू मारून सुखरूप तळ गाठला की हिट, एवढे तरी आता मान्य कर. कॉबच्या नावावर ४१९१ हिट्स होत्या आणि तो आकडा इथल्या पोरांना पाढ्यासारखा पाठ असे. तो शेवटचा खेळला ११ सप्टेंबर १९२८ रोजी. पीट रोझने तो विक्रम सिनसिनाटीत एरिक शोच्या चेंडूवर एकेरी फटका मारून मोडला, तो दिवस ११ सप्टेंबर १९८५. बरोबर सत्तावन्न वर्षे. हा योगायोग मी वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो आहे.

आता पुढचे ऐक. १९१० मध्ये कॉबचा एक सामना अधिकृत नोंदीत दोनदा चढला होता. तीन वेळा फलंदाजी, दोन हिट्स. कोणा कारकुनाच्या हातून तसेच झाले जसे माझ्या हातून झाले. त्या वर्षी सर्वाधिक सरासरीच्या फलंदाजाला चामर्स कंपनीची मोटार मिळायची होती. कॉब शेवटचे दोन सामने बाहेर बसला, आणि सेंट लुईसच्या संघाने नॅप लाजवेला जिंकवण्यासाठी तिसऱ्या तळावरच्या पोराला मुद्दाम मागे उभे केले, त्यामुळे लाजवेने हलके फटके टाकत एका दिवसात आठ हिट्स काढल्या. तरीही कॉब एका हजारांशाने पुढे ठरला आणि कंपनीने शेवटी दोघांनाही मोटार दिली. दुबार सामना वजा केला तर लाजवे पुढे जातो. ही चूक १९८१ मध्ये उघड झाली, पण बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर बोवी कून यांनी जुना निकाल बदलायला नकार दिला.

वजाबाकी केल्यावर कॉबच्या हिट्स ४१८९ उरतात. मग रोझने विक्रम मोडला तो ११ तारखेला नव्हेच. ८ सप्टेंबरला शिकागोच्या रिग्ली फील्डवर त्याने दोन हिट्स काढल्या, त्यांतली पहिलीच ४१९० वी होती. त्या क्षणी कोणाच्याही ते ध्यानीमनी नव्हते, कारण सगळे जण आणखी दोन हिट्सची वाट पाहत होते. म्हणजे सुधाकर, सत्तावन्न वर्षांचा तो देखणा योगायोग जन्माला आला तोच मुळी त्या कारकुनाच्या चुकीतून. तुझे गणित खऱ्या आकड्यांच्या जुळण्याबद्दल आहे. चुकीच्या आकड्यांनी इतके सुंदर जुळावे याचे मी काय करू? आणि सिनसिनाटीत त्या रात्री लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, रोझ पहिल्या तळावर रडला, ते खोटे कसे म्हणू? मग अप्पांची शाल तरी खोटी कशी?

याच्या उलट हॅक विल्सन. १९३० च्या हंगामात शिकागोसाठी त्याच्या फटक्यांवर १९० धावा आल्या अशी नोंद होती. त्यातली एक धाव चुकून चार्ली ग्रिमच्या नावावर गेली होती. १९९९ मध्ये ती दुरुस्त करून विल्सनचा आकडा १९१ केला. तो बिचारा १९४८ मध्येच हलाखीत वारला होता. वाढ द्यायची असेल तर मेलेल्या माणसालाही देतात, काढून घ्यायची असेल तर हात थरथरतो, असे मला यातून दिसते, आणि माझाही हात तसाच थरथरतो आहे.

काल दुपारी ऊन पडले म्हणून स्टेडियमपर्यंत चालत गेलो आणि स्टॅन म्यूझियलच्या पुतळ्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. याच्या ३६३० हिट्स, त्यांतल्या १८१५ घरच्या मैदानावर आणि १८१५ बाहेरच्या. तो २९ सप्टेंबर १९६३ रोजी याच शहरात शेवटचा खेळला, त्या दिवशी दोन हिट्स काढल्या आणि पारडी समतोल झाली. त्यातली अखेरची हिट दुसऱ्या तळावरच्या ज्या नवख्या पोराच्या बाजूने निघून गेली, तो पोरगा पीट रोझ होता! आणि नेमक्या त्याच दिवशी ह्यूस्टनमध्ये अठरा वर्षांचा जॉन पाचोरेक पहिल्यांदा मैदानात उतरला, तीन हिट्स काढल्या, दोनदा चार-चार बाहेरच्या चेंडूंमुळे नुसते चालत तळ मिळवला, आणि पाठीच्या दुखण्याने पुन्हा कधीही मेजर लीगमध्ये खेळला नाही. त्याची सरासरी पूर्ण एक, म्हणजे शंभरात शंभर. याहून मोठा योग मला ठाऊक नाही. पण आता पुतळ्याकडे पाहताना मनात एवढेच येते की एखादा जुना कागद कुठून निघाला आणि १८१५ चे १८१४ झाले तर? वही उघडल्यापासून मला कुठल्याच बेरजेवर निर्धास्तपणे टेकता येत नाही.

रोबेर्तो क्लेमेंतेच्या बरोबर ३००० हिट्स झाल्या, शेवटची ३० सप्टेंबर १९७२ ला, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना त्याचे विमान समुद्रात कोसळले. समज, त्याच्या खात्यात एक कमी निघाली, तर ते सांगणाऱ्याला मी माफ करू शकेन का, हे मला कळत नाही. दुसरीकडे अॅल केलाइन ३९९ होमरन्सवर थांबला आणि त्याचा मान एका तसूनेही घटला नाही. ९८६ धावा करणारा दिन्या आपल्याला कमी प्रिय आहे का?

वहिनींनी ते शेवटचे पान फ्रेम करून त्याच्या फोटोशेजारी लावले आहे, हे तूच फोनवर सांगितले होतेस. त्यांना काही सांगायचे की नाही हे मला एकट्याला ठरवता येत नाही, कारण मी चूक करणारा आहे आणि वहीचा खरा मालक तू आहेस. सव्विसाव्या पानावर मी फक्त पेन्सिलने एक बारीक फुली केली आहे. मार्चमध्ये इथला एक मुलगा पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर वही पाठवतो. तू पान ठेव, काट, किंवा फुली खोडून टाक, मी त्यावर पुन्हा तोंड उघडणार नाही. मात्र तत्पूर्वी एकदा अकरा आणि सव्वीस ही पाने शेजारी ठेवून वाच. मी थकलेल्या डोळ्यांनी वाचली आहेत आणि चूक नसावी असे मला फार वाटते.

चिन्मयच्या लग्नाची तारीख पक्की झाली की लगेच कळव, तिकीट लवकर काढावे लागते. मोतीबिंदूचे काय केलेस? वहिनींना आणि अप्पांना नमस्कार.

तुझा,
वसंत

ता. क. एकोणिसाव्या पानावरची माझी ४९ धावांची खेळी तशीच ठेवली आहे. तो चेंडू बॅटला लागूनच गेला होता, लेगबाय नव्हता, हे मी अजूनही म्हणतो, पण त्या पानाला हात लावलेला नाही.