घरातले आवाज बंद करू नका

राऊ (इंदूर)

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत मी रामबागेतल्या घरी येतो, तेव्हा घर मुके झालेले असते. मिक्सरचे काम माझ्या येण्याआधी उरकलेले असते, रेडिओ कपाटात गेला आहे, कचऱ्याची गाडी गाणे लावून गल्लीत शिरली की खिडक्या घाईघाईने लावल्या जातात आणि बाबा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचत बसतात. हे सारे माझ्यासाठी चालले आहे, हे मला कळते आणि त्यामागची माया दिसते. तरीही हे थांबवावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. समोरासमोर विषय निघाला की आईचे डोळे भरून येतात, बाबा नव्या डॉक्टरांचे नाव काढतात आणि मूळ गोष्ट राहून जाते.

माझ्या दोन्ही कानांत रातकिड्यासारखा बारीक, एकसुरी आवाज सतत असतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. कानाच्या अगदी आत, वाटाण्याएवढ्या शंखाकृती भागात, सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि बाहेरून आलेल्या ध्वनीचे मेंदूला समजतील अशा संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने या पेशी मरतात आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. माझ्या श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या उंच पट्टीपाशी जो खड्डा दिसतो, तो गोंगाटाने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. पीथमपूरच्या कारखान्यात प्रेसच्या विभागात काढलेली वर्षे पाहता कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आई, लहानपणी माझा कान फुटला होता तेव्हा तू घातलेल्या कोमट तेलामुळे हे झाले, असे तू मनाला लावून घेतले आहेस. तसे अजिबात नाही. तेलाने दोन्ही कानांत नेमका त्याच एका जागी खड्डा पडत नाही. तुझे समाधान व्हावे म्हणून मी हे म्हणत नाही. आलेख समोर ठेवून डॉक्टरांनी सांगितलेले आहे.

आता हा आवाज येतो कुठून, ते सांगतो, कारण बाबांच्या बिल्वतेलाचा आणि डोक्याच्या एमआरआयचा प्रश्न त्यातच सुटतो. ज्या पट्टीतले संदेश कानाकडून येईनासे होतात, ते ऐकण्यासाठी मेंदू आपली संवेदना वाढवत नेतो आणि मग बाहेर काही नसतानाही त्याला आवाज ऐकू येतो, असे तज्ज्ञ मानतात. गाठीच्या शस्त्रक्रियेत ज्यांची श्रवणाची नस कापावी लागली, अशा रुग्णांपैकीही अनेकांचा आवाज थांबत नाही, यावरून त्याचे मूळ किती आत असते हे लक्षात यावे. कानात घातलेले तेल पडद्याशीच थांबते. ते तिथवर पोहोचू शकत नाही. एमआरआयची गरज आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात मोठा फरक असेल, तेव्हा पडते. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच नाही. हा आवाज मुळापासून घालवणारे औषध आज उपलब्ध नाही, हे मी स्वीकारले आहे, आणि तुम्हीही ते स्वीकारावे असे मला फार वाटते. कारण प्रत्येक नव्या डॉक्टरांकडे जाताना तुम्ही जी आशा धरता आणि परतताना जे तुमच्या चेहऱ्यावर असते, ते मला पाहवत नाही.

दुसरा त्रास आवाज न सोसण्याचा आहे. स्टीलचे ताट फरशीवर पडले, कुकरची शिट्टी झाली, पलासियाच्या चौकात कोणी कानाशी हॉर्न वाजवला, तर माझ्या कानात कळ जाते आणि माझा चेहरा आपोआप आक्रसतो. आई, तो चेहरा तुझ्यावर रागावल्याचा नसतो. तेवढ्या क्षणापुरती ती वेदना असते आणि ती जाते. टिनिटस असलेल्या पुष्कळ लोकांना हाही त्रास असतो. त्याला हायपरॲक्युसिस म्हणतात. अशा वेळी माणसाला शांतता हवीशी वाटते, कान बंद करावेसे वाटतात, आणि नेमके तेच अहितकारक ठरते. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगले ऐकू येणाऱ्या काही लोकांनी दोन आठवडे जवळजवळ अखंड कानांत बोळे ठेवले, तर काहींनी कानांत मंद आवाज देणारी यंत्रे वापरली. बोळे वापरणाऱ्यांना नंतर साधे आवाज अधिक मोठे वाटू लागले आणि मंद आवाजात राहिलेल्यांची सहनशक्ती वाढली. त्याहून जुना, १९५३ सालचा एक प्रयोग आहे: कानांची काही तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही मिनिटांतच कसले ना कसले आवाज ऐकू आले. निरोगी माणसाची ही गत, तर बंद खिडक्यांच्या घरात माझा रातकिडा किती मोठा होत असेल, याची कल्पना तुम्हाला येईल.

म्हणून रेडिओ बाहेर काढावा आणि नेहमीसारखा लावावा. पंखा चालू राहू द्यावा, खिडक्या उघड्या असू द्याव्यात, फोडणीचा, भांड्यांचा, गल्लीतल्या मुलांचा आवाज येऊ द्यावा. मिक्सर लावण्याआधी एकदा हाक मारली तरी पुरे. अचानक आलेल्या आवाजापेक्षा ठाऊक असलेला आवाज पुष्कळ सुसह्य असतो. आईने भजनी मंडळ दुसऱ्यांच्या घरी हलवले, याचे मला खरोखर वाईट वाटले. टाळांचा आवाज मला अजून जवळून सोसत नाही हे खरे. पण मी आतल्या खोलीत दार लोटून बसेन, आणि तिथे तो मला चालतो. मंडळ आपल्याच घरी भरावे.

खरोखर टाळायचे आवाज वेगळे आहेत. ८५ डेसिबल आवाजात दिवसाचे आठ तास, ही सुरक्षिततेची मर्यादा धरली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत राजवाड्यापाशी डीजेच्या गाडीसमोर उभे राहणे मला आता शक्य नाही, आणि ते चांगल्या कानांच्या माणसानेही करू नये. अनंत चतुर्दशीच्या चित्ररथांच्या झांकी मात्र मी सोडणार नाही. गिरण्या बंद पडून इतकी वर्षे झाली तरी कामगारांनी त्या राखल्या आहेत आणि बाबांनी मला खांद्यावर घेऊन दाखवल्या आहेत. आपण सगळे जाऊ, भोंग्यांपासून दूर उभे राहू, मी तेवढ्यापुरते कानांत बोळे घालेन आणि नातीच्या कानांवरही संरक्षक लावू. बाबा, गणेश मंडळाच्या मुलांशी बोलताना माझ्या आजाराचा दाखला देऊ नका. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे; तो गल्लीतल्या प्रत्येक तान्ह्या मुलासाठी आणि आजाऱ्यासाठी मागावा, एका मुलासाठी नव्हे.

आई, एक गोष्ट मागताना जड जाते. रोज फोनवर तू पहिला प्रश्न "कान कसा आहे?" हाच विचारतेस. तू विचारेपर्यंत मी कितीदा तरी तो आवाज विसरलेला असतो, आणि विचारताच तो परत समोर येतो. मी ज्या मानसशास्त्रज्ञांकडे जातो, तिथे हेच शिकतो: आवाजाची भीती आणि त्याच्यावरची पाळत कमी झाली की मेंदू त्याला बिनमहत्त्वाचा ठरवू लागतो. विचार आणि वर्तन बदलण्याच्या या उपचाराने आवाज कमी होत नाही, पण त्याचा जाच कमी होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे, आणि माझाही अनुभव तसाच आहे. तिथे जाण्यात वेडाचा किंवा लाजेचा काही संबंध नाही. झोप अपुरी झाली की वाईट दिवस येतात, तेही मी लपवणार नाही. काही बिघडले तर मी स्वतः सांगेन, हे माझे वचन समज. पण विचारू नकोस. गुळवेल वाढली का, मावशीची काय खबर, सराफ्यात कोण भेटले, ते सांग. मला तुझ्याकडून तेच ऐकायचे असते.

आता बाबांविषयी. टीव्ही मुका करण्याआधी तो जितका मोठा लागत होता, ते मी विसरलेलो नाही. फोनवर 'सात' आणि 'आठ' यांत तुमची गल्लत होते, नातीचे बोलणे सूनबाईला पुन्हा सांगावे लागते. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे ऐकणे जाते आणि त्याबरोबर स, श यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो पण शब्द कळत नाही, तो त्यामुळेच. यावर श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो, आणि जितके लवकर लावाल तितकी त्याची सवय सोपी जाते. चाचणी अर्ध्या तासाची असते, तिच्यात दुखत काहीच नाही. येत्या शनिवारी सकाळी ११ ची वेळ घेतली आहे. मी साडेदहाला गाडी घेऊन येतो. रक्तदाबाच्या आणि इतर गोळ्यांची यादी बरोबर ठेवावी, कारण काही औषधांचा कानांवर परिणाम होतो आणि डॉक्टर ती विचारतीलच.

सूनबाईचा आणि नातीचा नमस्कार.

तुमचा मुलगा